सिकॉर्स्की व्हीएस–३०० हेलिकॉप्टर

सिकॉर्स्की व्हीएस–३०० : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३९ ते १९४३ या काळात उड्डाणे केलेले एकआसनी प्रायोगिक हेलिकॉप्टर. रशियन साम्राज्यात जन्मलेले अमेरिकन विमान अभियंते इगॉर इव्हानोव्हिच सिकॉर्स्की (१८८९–१९७२) यांनी त्याचा अभिकल्प तयार केला व सुरुवातीची उड्डाणेही स्वतःच केली. डोक्यावर एक मोठा घूर्णक (फिरत्या पात्यांचा संच) आणि शेपटाच्या टोकाला एक लहान उभा घूर्णक ही मांडणी आज बहुसंख्य हेलिकॉप्टरांत आढळते. ती व्यवहारात यशस्वी होऊ शकते, हे या यंत्राने सिद्ध केले. व्हीएस–३०० हे जगातील पहिले हेलिकॉप्टर असल्याचा समज पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. तो बरोबर नाही. त्याच्यापूर्वी फ्रान्स, स्पेन, इटली, जर्मनी इ. देशांतील यंत्रे हवेत उचलली गेली होती आणि त्यांपैकी काहींनी उत्तम उड्डाणेही केली होती. व्हीएस–३०० चे महत्त्व निराळ्या गोष्टीत आहे. हवेत उचलले गेलेले यंत्र वैमानिकाच्या पूर्ण ताब्यात कसे आणावयाचे, या प्रश्नाचे साधे व टिकाऊ उत्तर त्याच्या द्वारे मिळाले. हे उत्तर आरंभीच्या आराखड्यात जवळजवळ संपूर्णपणे मांडलेले होते. पण ते सोडून द्यावे लागले आणि दोन वर्षांच्या वळणानंतर पुन्हा स्वीकारले गेले.

मूळ प्रश्न : स्थिर पंखांच्या विमानाला उत्थापक प्रेरणा (वर उचलणारी प्रेरणा) मिळण्यासाठी वेगाने पुढे जावे लागते. हेलिकॉप्टरमध्ये पंखांची जागा फिरती पाती घेतात. त्यामुळे यंत्र जागच्या जागी उभे राहूनही वर उचलले जाऊ शकते. मात्र या सोयीबरोबर तीन अडचणी येतात. पहिली अडचण प्रतिक्रियेची. छताला टांगलेला विजेचा पंखा फिरतो, तेव्हा त्याला उलट दिशेने फिरवू पाहणारे परिबल छत सोसते. हेलिकॉप्टरला असा आधार नसतो. म्हणून घूर्णक एका दिशेने फिरू लागताच खालचा सांगाडा विरुद्ध दिशेने गरगरू लागतो. दुसरी अडचण पुढे जाताना उद्भवते. उड्डाणाच्या दिशेने येणाऱ्या पात्याला हवा अधिक वेगाने लागते, तर मागे जाणाऱ्या पात्याला कमी वेगाने लागते. परिणामी एका बाजूची उत्थापक प्रेरणा वाढते, दुसऱ्या बाजूची घटते व यंत्र कलंडू पाहते. तिसरी अडचण नियंत्रणाची. यंत्र पुढे, मागे वा बाजूला न्यावयाचे, तर घूर्णकाने निर्माण केलेली प्रेरणा त्या दिशेने कलती करावी लागते. परंतु वेगाने फिरणारा घूर्णक भोवऱ्याप्रमाणे वागतो व त्याला एका ठिकाणी दिलेल्या धक्क्याचा परिणाम सुमारे पाव फेरा पुढे दिसून येतो. पुरेशा शक्तीचे हलके एंजिन मिळाल्यानंतरही हेलिकॉप्टर दीर्घकाळ प्रयोगावस्थेतच राहिले, ते मुख्यतः या अडचणींमुळे.

पूर्वीचे प्रयत्न : फ्रान्समध्ये १९०७ मध्ये ब्रेगे बंधू व शार्ल रीशे यांचे चार घूर्णकांचे यंत्र माणसासह जमिनीपासून उचलले गेले, पण ते डळमळू नये म्हणून भोवतालच्या माणसांना त्याला हातांनी आधार द्यावा लागला. त्याच वर्षी १३ नोव्हेंबर रोजी पॉल कॉर्न्यू यांचे दोन घूर्णकांचे एकआसनी यंत्र नॉर्मंडीतील लीझ्यू येथे काही सेकंद उचलले गेल्याचे सांगण्यात येते. पुढील काळात केलेल्या गणितांवरून या उड्डाणाविषयी शंका व्यक्त झाली आहे. पहिल्या महायुद्धानंतर प्रगतीला वेग आला. राऊल पेस्कारा यांच्या यंत्राने १८ एप्रिल १९२४ रोजी ७३६ मी. अंतर कापले, तर एत्येन एमिशेन यांनी ४ मे १९२४ रोजी एक किमी. चा बंद मार्ग पूर्ण केला. ही यंत्रे अवजड व गुंतागुंतीची होती आणि ती सांभाळताना वैमानिकाची दमछाक होई.

स्पेनमधील हुआन दे ला सिएर्व्हा (१८९५–१९३६) यांच्या ऑटोजायरोमुळे या क्षेत्राला नवी दिशा मिळाली. ऑटोजायरोचा घूर्णक एंजिनाने फिरत नाही. पुढील पंख्यामुळे यंत्र पुढे जाते आणि समोरून येणाऱ्या हवेमुळे वरील घूर्णक आपोआप फिरतो. त्यामुळे हे यंत्र हवेत स्थिर राहू शकत नाही. तथापि सिएर्व्हा यांनी पाती मुळाशी बिजागरीने जोडून त्यांना वरखाली हलण्याची मोकळीक दिली आणि त्यामुळे दोन बाजूंच्या असमान उत्थापनाचा प्रश्न सुटला. त्यांच्या यंत्राने जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ यशस्वी उड्डाण केले. या बिजागरीचा उपयोग पुढील जवळजवळ सर्व हेलिकॉप्टर अभियंत्यांना झाला.

नियंत्रणाचा प्रश्न प्रथम समाधानकारकपणे सोडविला तो जर्मनीतील हाइन्रिख फोके यांनी. त्यांच्या फोके-वुल्फ एफडब्ल्यू ६१ या एकआसनी यंत्राला दोन्ही बाजूंस काढलेल्या सांगाड्यांवर विरुद्ध दिशांनी फिरणारे दोन घूर्णक होते. त्यांच्या प्रतिक्रिया परस्परांना छेद देत. एव्हाल्ट रोल्फ्स यांनी २६ जून १९३६ रोजी त्याचे पहिले मुक्त उड्डाण केले. १९३७ मध्ये एंजिन बंद करून, केवळ हवेच्या जोराने फिरणाऱ्या घूर्णकाच्या आधारे ते सुखरूप उतरविण्यात आले आणि त्याच वर्षी १ तास २० मिनिटे ४९ सेकंद हवेत राहून त्याने विक्रम नोंदविला. फेब्रुवारी १९३८ मध्ये हाना राइच यांनी बर्लिनच्या डॉइचलांडहाल या बंदिस्त सभागृहात प्रेक्षकांसमोर ते उडवून दाखविले. व्यवहारात वापरता येईल असे हेलिकॉप्टर प्रथम तयार करण्याचा मान म्हणूनच सामान्यतः फोके यांच्याकडे जातो.

सिकॉर्स्की यांची पार्श्वभूमी : सिकॉर्स्की यांचा जन्म किएव्ह येथे झाला. त्यांचे वडील मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. सेंट पीटर्झबर्ग येथील नाविक विद्यालयात काही वर्षे काढल्यानंतर त्यांनी पॅरिसमध्ये व किएव्हच्या तंत्रविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९०९ मध्ये पॅरिसहून आणलेल्या २५ अश्वशक्तीच्या आंझानी एंजिनावर त्यांनी पहिले हेलिकॉप्टर बांधले. ते जमिनीवरून उठू शकले नाही. १९१० मधील दुसरे यंत्र स्वतःचे वजन उचलू शकले, परंतु माणसाचा भार त्याला पेलला नाही. एंजिने, द्रव्ये व अनुभव या तिन्ही बाबतींत काळ अद्याप अनुकूल नाही, हे ओळखून सिकॉर्स्की स्थिर पंखांच्या विमानांकडे वळले. १९१३ मध्ये त्यांनी चार एंजिनांचे पहिले यशस्वी विमान उडविले आणि त्यातूनच ‘इल्या मूरोमेट्स’ ही अवजड विमानांची मालिका निर्माण झाली.

रशियन राज्यक्रांतीनंतर ते १९१९ मध्ये न्यूयॉर्कला आले. काही काळ त्यांनी स्थलांतरित रशियनांना गणित शिकवून निर्वाह केला. १९२३ मध्ये त्यांनी रशियन निर्वासितांच्या मदतीने स्वतःची कंपनी स्थापन केली. तिला संगीतकार सर्जी रख्मॅनिनॉव्ह यांनी ५,००० डॉलरचे साहाय्य केले. १९२८ च्या एस–३८ या जलस्थलचर विमानाने कंपनीला स्थैर्य मिळाले व १९२९ मध्ये ती युनायटेड एअरक्राफ्ट या उद्योगसमूहात सामील झाली. कनेक्टिकट राज्यातील स्ट्रॅटफर्ड येथील कारखान्यात तयार झालेल्या एस–४० व एस–४२ या उडत्या बोटी पॅन अमेरिकन कंपनीच्या सागरी मार्गांवर वापरण्यात आल्या.

या सर्व काळात हेलिकॉप्टरचा विचार त्यांनी सोडला नव्हता. एक मुख्य घूर्णक व शेपटाकडील लहान घूर्णक अशा मांडणीच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) त्यांनी २७ जून १९३१ रोजी अर्ज केला व १९ मार्च १९३५ रोजी ते मंजूर झाले. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. रशियात बोरिस यूरयेव यांनी १९११–१२ च्या सुमारास अशीच मांडणी सुचविली होती आणि नेदर्लंड्समध्ये फोन बाउमहाउअर यांनी १९२० नंतरच्या दशकात तशा यंत्रावर प्रयोग केले होते. बाउमहाउअर यांच्या यंत्रात शेपटाचा घूर्णक स्वतंत्र एंजिनाने फिरत असल्याने दोन्ही घूर्णकांत मेळ राखणे अवघड जाई. सिकॉर्स्की यांनी दोन्ही घूर्णक एकाच एंजिनाला जोडण्याचे ठरविले. त्यामुळे मुख्य घूर्णकाचा वेग बदलला, तर शेपटाचा घूर्णकही त्याच प्रमाणात बदलतो. एंजिन बंद पडले, तरी दोन्ही बरोबरच फिरत राहतात.

१९३८ च्या अखेरीस उडत्या बोटींना मागणी उरली नाही व समूहाने स्ट्रॅटफर्डचा विभाग बंद करण्याचे ठरविले. सिकॉर्स्की यांनी आपल्या निवडक सहकाऱ्यांना कामावर ठेवून हेलिकॉप्टर बांधण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. १९३९ मध्ये त्यांचा विभाग व्हॉट कंपनीशी जोडण्यात आला. ‘व्हीएस’ ही अक्षरे व्हॉट-सिकॉर्स्की या नावाची असून ३०० हा आकडा सिकॉर्स्की यांच्या तिसऱ्या हेलिकॉप्टरचा निदर्शक आहे. पहिल्या दोन प्रयत्नांना तोपर्यंत जवळजवळ तीस वर्षे लोटली होती. शासकीय पाठबळ त्या वेळी अन्यत्र होते. अमेरिकन काँग्रेसने १९३८ मध्ये अशा विमानांच्या संशोधनासाठी तरतूद करणारा कायदा केला. पण त्याखालील पहिला करार प्लॅट-लेपेज कंपनीच्या एक्सआर–१ या यंत्राला मिळाला. त्याची मांडणी फोके यांच्या यंत्राप्रमाणे दोन बाजूंस दोन घूर्णक अशी होती. उपलब्ध पुरावा पाहता हा निर्णय स्वाभाविकच म्हणावा लागेल, कारण तोपर्यंत यश मिळाले होते ते त्याच मांडणीला.

रचना : व्हीएस–३०० चा सांगाडा पोलादी नळ्या जोडून केलेला होता. वैमानिकाचे आसन पुढे उघड्यावर होते व त्याच्या पाठीमागे एंजिन होते. प्रारंभी ७५ अश्वशक्तीचे लायकॉमिंग एंजिन वापरले गेले. पुढे ९० अश्वशक्तीचे व अखेरीस १५० अश्वशक्तीचे फ्रँकलिन एंजिन बसविण्यात आले. तीन पात्यांच्या मुख्य घूर्णकाचा व्यास प्रथम सुमारे ८·५ मी. होता व नंतर तो सुमारे ९·१ मी. करण्यात आला. वैमानिकासह यंत्राचे वजन सुमारे अर्धा टन भरे. सांगाडा उघडा असल्यामुळे कोणताही भाग काढून दुसरा बसविणे सोपे जाई. यंत्राचे रूप वारंवार बदलावे लागणार, याची जाणीव या रचनेमागे होती.

एका आसनाची योजना वजन वाचविण्यासाठी होती. परंतु तिचा एक परिणाम लक्षणीय आहे. यंत्रात शिक्षकासाठी जागा नव्हती आणि शिकविण्याइतका अनुभवही अमेरिकेत कोणाला नव्हता. जो कोणी प्रथम आसनावर बसे, त्याचे पहिले उड्डाण एकट्याचेच असे. पन्नाशीत पोहोचलेल्या सिकॉर्स्की यांनी ही जोखीम प्रथम स्वतः पत्करली. यंत्र नवे असल्यामुळे दोष यंत्राचा की हाताळणीचा, हे ठरविणे कठीण होते. अभिकल्पकच वैमानिक असल्यामुळे हा निवाडा काहीसा सुलभ झाला. डोक्यावर नेहमीची टोपी घालून यंत्र चालविणारे सिकॉर्स्की त्या काळातील अनेक छायाचित्रांत दिसतात.

पहिली उड्डाणे व माघार : १४ सप्टेंबर १९३९ रोजी स्ट्रॅटफर्ड येथे यंत्राची चाके प्रथम जमिनीपासून सुटली. दोरांनी बांधलेल्या व खाली वजने टांगलेल्या यंत्राचे हे उड्डाण सुमारे दहा सेकंदांचे होते व उंची काही सेंमी. इतकीच होती. या मूळ रूपात यंत्राला एक मुख्य घूर्णक, शेपटाला एक उभा घूर्णक व मुख्य घूर्णकावर पूर्ण चक्रीय नियंत्रण होते. चक्रीय नियंत्रणात प्रत्येक पात्याचा कोन एका फेऱ्यात ठराविक ठिकाणी वाढतो व समोरच्या ठिकाणी कमी होतो. त्यामुळे घूर्णकाची प्रेरणा हव्या त्या दिशेने कलते. सर्व पात्यांचे कोन एकाच वेळी कमीजास्त करून यंत्र वर किंवा खाली नेण्याची सोय याहून वेगळी असते व तिला सामूहिक नियंत्रण म्हणतात. पुढील आठवड्यांतील चाचण्यांत यंत्राला तीव्र कंप सुटत व चक्रीय नियंत्रणाला ते अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद देत नसे. डिसेंबर १९३९ मध्ये वाऱ्याच्या झोतामुळे यंत्र उलटले व त्याची मोठी मोडतोड झाली.

या अपघातानंतर सिकॉर्स्की यांनी घेतलेला निर्णय या यंत्राच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. चक्रीय नियंत्रण तूर्त काढून टाकण्यात आले. शेपटाजवळ दोन्ही बाजूंस आडवे दांडे काढून त्यांच्या टोकांवर दोन लहान आडवे घूर्णक बसविण्यात आले. दोहोंची उत्थापक प्रेरणा एकदम वाढविली, की शेपूट वर उचलले जाई. एकाची वाढवून दुसऱ्याची कमी केली, की यंत्र बाजूला कले. उभा घूर्णक पूर्वीप्रमाणेच दिशा सांभाळी. मुख्य घूर्णकाकडे केवळ भार उचलण्याचे काम उरले. म्हणजे एकूण चार घूर्णक झाले व मूळ कल्पनेतील साधेपणा नाहीसा झाला. पण प्रत्येक हालचालीसाठी स्वतंत्र साधन असल्यामुळे कोणत्या नियंत्रणाचा काय परिणाम होतो, हे वेगवेगळे तपासता येऊ लागले.

या रूपात १३ मे १९४० रोजी यंत्राने दोरांवाचून पहिले मुक्त उड्डाण केले. ते स्थिर राही, मागे जाई, बाजूंना सरके व जागच्या जागी वळे. पुढे जाणे मात्र त्याला नीट साधत नसे. त्या सुमारास झालेल्या एका प्रात्यक्षिकानंतर समूहाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने याविषयी विचारणा केली, तेव्हा ती एक लहानशी तांत्रिक अडचण अद्याप सुटावयाची आहे, असे उत्तर सिकॉर्स्की यांनी दिल्याची आठवण सांगितली जाते. प्रत्यक्षात ही अडचण लहान नव्हती. यंत्र वेग घेऊ लागताच मुख्य घूर्णकाने खाली ढकललेला हवेचा झोत मागे सरकून दांड्यांवरील लहान घूर्णकांवर आदळे. त्या खळबळत्या हवेत त्यांची प्रेरणा अनियमित होई आणि नेमक्या गरजेच्या वेळी नियंत्रण सुटू लागे. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याच्या हवाई दलातील फ्रँकलिन ग्रेगरी यांनी हे यंत्र उडविले. पुढे सैन्याने सिकॉर्स्की यांच्या कामाला दिलेल्या पाठिंब्यात त्यांच्या अनुकूल मताचा मोठा वाटा होता.

विक्रम व मूळ मांडणीकडे परत : दांड्यांवरील घूर्णकांसह यंत्र मंद वेगात पुरेसे भरवशाचे झाले होते. १५ एप्रिल १९४१ रोजी ते १ तास ५ मिनिटे १४·५ सेकंद हवेत राहिले. दोन दिवसांनी, १७ एप्रिल रोजी, चाकांऐवजी हवा भरलेली रबरी तरती बसवून त्याने पाण्यावरून उड्डाण केले व ते पुन्हा पाण्यावर उतरले. ६ मे १९४१ रोजी सिकॉर्स्की यांनी ते १ तास ३२ मिनिटे २६·१ सेकंद हवेत ठेवून एफडब्ल्यू ६१ चा १९३७ चा कालविक्रम मागे टाकला. हा विक्रम मुख्यतः जवळजवळ एकाच जागी तरंगत राहून झालेला आहे. अंतर व उंची यांबाबत जर्मन यंत्राची कामगिरी कितीतरी सरस होती. त्यामुळे या विक्रमावरून दोन यंत्रांची सर्वांगीण तुलना करता येत नाही.

विक्रमानंतर थोड्याच दिवसांत विक्रम करणारी मांडणी मोडण्यात आली. १९४१ च्या मध्यास बाजूंचे दांडे काढून टाकले गेले व त्यांच्या जागी शेपटावर उंच बसविलेला एकच आडवा घूर्णक आला. तो यंत्राचे नाक वरखाली करी. बाजूला कलविण्यासाठी मुख्य घूर्णकाचे चक्रीय नियंत्रण अंशतः पुन्हा जोडण्यात आले. हा मधला टप्पा उपयुक्त ठरला. काढून टाकलेले नियंत्रण एकदम परत न आणता अर्धेच आणल्यामुळे त्याचे गुणदोष सुरक्षितपणे पारखता आले. त्यानंतर उरलेला आडवा घूर्णकही काढण्यात आला आणि ८ डिसेंबर १९४१ रोजी व्हीएस–३०० ने अंतिम रूपात उड्डाण केले. आता त्याला पुन्हा एक मुख्य घूर्णक, शेपटाला एक उभा घूर्णक आणि पूर्ण चक्रीय नियंत्रण होते. सप्टेंबर १९३९ चा आराखडा तत्त्वतः बरोबर होता, असे यावरून ठरले. मधल्या सव्वादोन वर्षांत पाती, बिजागऱ्या, कंपांचे शमन, नियंत्रणांची जोडणी व वैमानिकांचे कौशल्य या बाबी त्या आराखड्याच्या पातळीवर आल्या.

वंशज व उपयोग : या अनुभवावर आधारलेले एक्सआर–४ हे मोठे दोनआसनी हेलिकॉप्टर लेस्टर मॉरिस यांनी १४ जानेवारी १९४२ रोजी, म्हणजे वरील चाचणीनंतर सुमारे पाच आठवड्यांनी, प्रथम उडविले. मे १९४२ मध्ये ते स्ट्रॅटफर्डहून ओहायओ राज्यातील डेटनजवळच्या राइट फील्ड या लष्करी तळावर टप्प्याटप्प्याने उडत गेले. हा प्रवास सुमारे १,२०० किमी. चा होता. शिक्षक व विद्यार्थी यांना शेजारी बसण्याची सोय झाल्यामुळे वैमानिकांचे पद्धतशीर प्रशिक्षणही आता शक्य झाले. आर–४ या नावाने या प्रकारची सुमारे १३० यंत्रे तयार करण्यात आली. मोठ्या संख्येने उत्पादन झालेले ते पहिले हेलिकॉप्टर होय.

हेलिकॉप्टरचा खरा उपयोग कोठे आहे, हेही लवकरच दिसून आले. ३ जानेवारी १९४४ रोजी न्यूयॉर्कजवळ अमेरिकन विनाशिका ‘टर्नर’ स्फोटाने बुडाली, तेव्हा तटरक्षक दलाचे फ्रँक एरिक्सन यांनी हिमवादळात आर–४ मधून जखमींसाठी रक्तद्रव सँडी हूक येथे पोहोचविला. एप्रिल १९४४ च्या अखेरीस कार्टर हारमन या अमेरिकन वैमानिकाने ब्रह्मदेशात जपानी सैन्याच्या पिछाडीस अडकलेला एक वैमानिक व तीन जखमी ब्रिटिश सैनिक यांची सुटका केली. युद्धक्षेत्रातील हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका समजली जाते. हारमन यांचे यंत्र आसाममधील लालाघाट येथील तळावरून निघाले होते. उष्ण हवेत व उंचीवर एंजिनाची ताकद अपुरी पडत असल्याने एका खेपेस एकच माणूस नेता येई. त्यामुळे त्यांना चार खेपा कराव्या लागल्या. नोव्हेंबर १९४५ मध्ये कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडलेल्या तराफ्यावरील दोन माणसांना आर–५ या पुढील प्रकारच्या हेलिकॉप्टरने दोराच्या साहाय्याने उचलून घेतले.

भारतीय हवाई दलातील पहिले हेलिकॉप्टर १९५४ मध्ये आलेले सिकॉर्स्की एस–५५ हे होते व त्याची मांडणी व्हीएस–३०० प्रमाणेच होती. हिंदुस्थान एरॉनॉटिक्सने फ्रेंच परवान्याखाली तयार केलेले ‘चेतक’ व पुढे देशातच अभिकल्पित केलेले ‘ध्रुव’ ही हेलिकॉप्टरेही याच कुळातील आहेत. मुंबईतील जुहू येथून ‘बॉम्बे हाय’ या सागरी तेलक्षेत्राकडे कर्मचाऱ्यांची ने-आण केलेल्या पवनहंस कंपनीच्या ‘डॉफिन’ हेलिकॉप्टरांत शेपटाचा घूर्णक कड्याच्या आत बंदिस्त केलेला असतो. पण त्याचे कार्य तेच आहे.

मूल्यमापन : एक मुख्य घूर्णक असलेल्या मांडणीत तोटेही आहेत. शेपटाचा घूर्णक एंजिनाच्या शक्तीचा काही भाग खर्च करतो आणि त्या मोबदल्यात भार उचलण्यास मदत करीत नाही. झाडाला, तारेला किंवा जमिनीवरील माणसाला त्याचा स्पर्श झाल्यास गंभीर अपघात होतो आणि तो निकामी झाल्यास यंत्र सावरणे अवघड जाते. म्हणूनच काही हेलिकॉप्टरांत निराळी मांडणी टिकून राहिली आहे. पियासेकी यांच्या परंपरेतील अवजड हेलिकॉप्टरांत पुढे व मागे असे दोन घूर्णक असतात, तर रशियातील कामोव्ह हेलिकॉप्टरांत एकाच अक्षावर परस्परविरुद्ध फिरणारे दोन घूर्णक असतात. तरीही एकच मुख्य तुंबा, एकच मोठी दंतचक्रपेटी, कमी वजन आणि सोपी देखभाल या गुणांमुळे लहान व मध्यम आकारांच्या हेलिकॉप्टरांत व्हीएस–३०० ची मांडणीच प्रचलित झाली.

सिकॉर्स्की यांना हेलिकॉप्टरचे जनक म्हणण्याची प्रथा अमेरिकेत विशेष रूढ आहे. श्रेयाचा विचार काटेकोरपणे केल्यास त्यात कॉर्न्यू, पेस्कारा व एमिशेन यांचे धाडस, सिएर्व्हा यांची बिजागरी, यूरयेव यांची मांडणी व फोके यांचे यश या सर्वांचा वाटा मान्य करावा लागतो. जर्मनीतील काम युद्धकाळात बाँबहल्ल्यांमुळे खंडित झाले, तर अमेरिकेतील कारखाने सुरक्षित राहिले. या परिस्थितीचाही परिणाम झाला. तथापि एवढे सांगूनही सिकॉर्स्की यांचे स्वतःचे कार्य शिल्लक राहते. हाती आलेल्या यशस्वी रूपावर न थांबता, विक्रम केलेली मांडणी मोडून अधिक साध्या मांडणीकडे जाण्याचा निर्णय त्यांचा होता. चार घूर्णकांचे यंत्र एक प्रयोग म्हणून गाजले असते; त्यापासून कारखान्यात तयार होणारे व सामान्य वैमानिकाला शिकता येणारे हेलिकॉप्टर निर्माण झाले असते, असे म्हणणे कठीण आहे.

व्हीएस–३०० ची एकूण उड्डाणे सुमारे १०२ तासांची भरली. ७ ऑक्टोबर १९४३ रोजी ते मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्ड यांच्या संग्रहालयाला समारंभपूर्वक देण्यात आले. १९८५ मध्ये ते दुरुस्तीसाठी सिकॉर्स्की कंपनीकडे नेण्यात आले होते. त्यानंतर ते डिअरबॉर्नच्या संग्रहालयात परतले व अंतिम रूपातील एक मुख्य आणि एक शेपटाचा घूर्णक यांसह तेथे जतन करण्यात आले आहे.